कोलाच्या गॅसने केक फुगत नाही

"अंडी नको, दही नको, तेल नको, बेकिंग पावडर नको. मैदा, कोको आणि साखर घ्या, त्यात कोलाची छोटी बाटली ओता आणि कुकरमध्ये ठेवा. सोड्यातल्या गॅसने केक दुप्पट फुगतो. अमेरिकेत असाच करतात." हा मजकूर व्हिडिओसकट फॅमिली ग्रुपांवर फिरतो आहे. खाली पुरवणीही असते: "कोला नसेल तर इनो किंवा खाण्याचा सोडा टाका, सगळं एकच. जास्त फुगवायचा तर जास्त टाका."

निम्मा घोळ शब्दाचा आहे. बाटलीतला सोडा, खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा, आपल्याकडे तिघांनाही 'सोडा'च म्हणतात. पहिला म्हणजे दाबाखाली वायू विरघळवलेलं पाणी. बाकीचे दोन क्षार आहेत आणि केकमध्ये तिसऱ्याची चव उतरणं हीच खरी भीती. ती कशी, ते पुढे येईल.

"कोलातला गॅस केक फुगवतो."

पाव लिटर कोलात दीड ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. कागदावर हा आकडा कमी नाही. पण तो टिकतो बाटली बंद असेपर्यंत. ओतताना काही जातो, पिठाचा कण न् कण लागून ढवळताना आणखी जातो. उरलेला भांडं कोमट होताच निघू लागतो. केकचं मिश्रण मात्र ८० अंशांच्या पुढे घट्ट धरायला लागतं. भिंत उभी राहण्याआधीच वारा निघून गेला, तर छप्पर कशावर टेकणार? फेटताना अडकलेले बुडबुडे थोडे मोठे होतात, एवढाच त्याचा उपयोग.

पडताळा सोपा आहे. सगळं साहित्य मोजून दोन सारखे भाग करा, दोन्हींत बेकिंग पावडर घाला. एकात ताजा कोला, दुसऱ्यात रात्रभर झाकण उघडं ठेवून मेलेला कोला. भाजून झाल्यावर पट्टी लावून उंची मोजा, सांगण्यासारखा फरक दिसणार नाही. आता बेकिंग पावडर वगळून ताज्या कोलाचा तिसरा भाग करा. तो गूळपापडीच्या वडीसारखा दडस बसेल.

"ग्लासात कोला घेऊन खाण्याचा सोडा टाका, कसा उसळतो बघा!"

उसळतो खरा, पण चिमूटभर मीठ टाकलं तरी तसाच उसळतो. भुकटीच्या खरबरीत कणांवर विरघळलेला वायू गोळा होतो आणि भसकन बाहेर पडतो. व्हिडिओत जी 'शक्ती' दिसते, ती केकमध्ये शिरण्याऐवजी ग्लासाबाहेर चाललेली असते.

"कोला आंबट असतो, म्हणून दही-व्हिनेगर नको."

सगळ्यांत फसवा मुद्दा हाच, कारण तो अर्धा खरा आहे. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास, म्हणजे दह्यापेक्षा कितीतरी आंबट. पण आम्ल किती तीव्र आणि आम्ल किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कोलात फॉस्फोरिक आम्ल लिटरला जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतं. पाव लिटर कोला जेमतेम ०.२ ग्रॅम खाण्याचा सोडा शमवतो, म्हणजे नखावर मावेल इतका. पाव किलो दह्यात लॅक्टिक आम्ल साधारण २ ग्रॅम असतं आणि ते जवळपास अर्धा चमचा सोडा पचवतं. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाव चमच्याच्या जरा आतच थांबतं.

(चमचा म्हणजे मापाचा, सपाट, ५ मिलीचा. पोह्याच्या चमच्याने सोडा घेतलात तर माप सहज दुप्पट होतं आणि दोष रेसिपीला लागतो.)

"जास्त सोडा, जास्त फुगवटा."

आम्ल संपल्यावर उरलेला सोडा भट्टीच्या आचेने फुटतो. थोडा वायू सुटतो आणि मागे राहतो सोडियम कार्बोनेट, म्हणजेच धुण्याचा सोडा. साबणासारखी चव, जिभेवर येणारा कडसर चरचरीतपणा, सगळा त्याचा. वायू एकदम सुटला की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. केक पंधराव्या मिनिटाला टोपीसारखा वर येतो आणि पंचविसाव्या मिनिटाला मधोमध बसतो. कापल्यावर वर मोठाली भोकं आणि तळाशी ओलसर थर दिसला, तर ओव्हनला शिव्या देण्याआधी सोड्याचं माप बघा. एका कप मैद्याला, म्हणजे १२० ग्रॅमला, पाव चमचा सोडा पुरतो, तोही आम्ल असेल तरच. नुसत्या बेकिंग पावडरवर करायचा असेल तर कपाला एक चमचा.

"इनो, सोडा, बेकिंग पावडर एकच."

नाही. खाण्याचा सोडा एकटा असतो, त्याला आम्ल आपण द्यायचं. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि स्टार्च एकत्र असतात. डबल ॲक्टिंग पावडर थोडी भिजताना आणि बरीचशी आचेवर काम करते. इनोमध्ये सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल असतं, म्हणून ओलं झाल्याक्षणी सगळा जोर सुटतो. ढोकळ्याला तो चालतो, कारण मिश्रण लगेच वाफेवर जातं. केकला वापरायचाच असेल तर अगदी शेवटी घालून, दहा-बारा वळसे देऊन, भांडं थेट आधीच तापलेल्या कुकरमध्ये ठेवा. आणि लिंबाच्या स्वादाचं पाकीट चॉकलेटमध्ये घालू नका!

"कोलाने केक काळाभोर होतो."

त्याचा कॅरॅमल रंग कोकोपुढे नगण्य. नैसर्गिक कोको किंचित आम्लधर्मी असतो, सोडा मिळाला की गडद तांबूस होतो. डच पद्धतीचा कोको कारखान्यातच अल्कली देऊन काळपट केलेला असतो, त्यात सोडा शमवण्याइतकं आम्ल उरत नाही. पाकिटावर ॲसिडिटी रेग्युलेटर ५०० किंवा ५०१ लिहिलं असेल तर तो कोको या जातीचा. तिथे सोडा कमी, बेकिंग पावडर जास्त.

"अमेरिकेत असाच करतात."

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कोलाचा चॉकलेट केक घरोघरी होतो, हे खरं. पण त्या पारंपरिक कृतीत लोणी, कोको आणि कोला एकत्र उकळून मग मैद्यावर ओततात. गॅस असतो तेवढा गॅसवरच उडतो! फुगवायचं काम ताक आणि खाण्याचा सोडा करतात, वर अंडीही असतात. दुसरी तिकडची युक्ती म्हणजे तयार केक मिक्समध्ये नुसता कोलाचा डबा ओतणं. तो केक फुगतो, कारण खोक्यातल्या पिठात फुगवणारी पावडर आधीच असते. कोला तिथे फक्त गोड पाणी. व्हिडिओत खोकं दाखवलं जातं, पण फॉरवर्डमध्ये त्याचा 'मैदा' होतो.

कोलाचा केक करूच नये असं नाही. १८ सेंमीच्या डब्यासाठी १८० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कोको, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळा. ३०० मिली कोला आटवून १५० मिलीवर आणा, नाहीतर त्याचा स्वाद कोकोखाली सापडत नाही. तो कोमट झाला की १३० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम दही आणि ८० मिली तेल त्यात एकजीव करा. साखर मुद्दाम कमी घेतली आहे, कारण कोलातच तीसेक ग्रॅम असते. ओलं कोरड्यात ओता, पिठाच्या गाठी मोडल्या की ढवळणं थांबवा. जास्त फेटलं तर मैदा चिवट होतो. १७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. कुकर असेल तर शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून, दहा मिनिटं आधी तापवा. भाजायला ४५ मिनिटांच्या पुढे लागतील.

डाएट कोला मात्र नको. साखर नसल्याने केक कोरडा होतो, आणि त्यातल्या अस्पार्टेमची गोडी आचेवर टिकत नाही.