दहा ओळींच्या कॅशने दुहेरी रिक्वेस्ट थांबत नाहीत

जावास्क्रिप्टच्या पोस्टींमधून एक सल्ला सतत फिरतो: ‘कॅशिंगला (आलेली उत्तरं जवळ साठवायला) लायब्ररी कशाला? एक मॅप घ्या, सर्व्हरचं उत्तर आलं की यूआरएलच्या नावाने त्यात ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच द्या. दुहेरी रिक्वेस्ट बंद. अनेक रेकॉर्ड हवी असतील तर प्रॉमिस डॉट ऑलने एकत्र मागा.’ मॅपला, म्हणजे नावावरून नोंद देणाऱ्या साठ्याला, हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला.

‘उत्तर आलं की ठेवा.’ खरा घोळ इथेच. पानावरचे ५ कंपोनंट (पानाचे स्वतंत्र भाग) एकदमच तीच माहिती मागतात. पाचही जणांना मॅप रिकामा दिसतो, कारण पहिलं उत्तर अजून वाटेत असतं. ५ रिक्वेस्ट जातात. म्हणून उत्तर नव्हे, प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराच्या जागी लगेच मिळणारा ऑब्जेक्ट) ठेवायचं, तेही लगेच: मॅप तपासणं आणि त्यात ठेवणं यांच्यामध्ये एकही अवेट (वाट बघत थांबणं) नको. फेचने (रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनने) दिलेलं प्रॉमिस मात्र जसंच्या तसं ठेवू नका. रिस्पॉन्सची बॉडी (उत्तरातला मजकूर) एकदाच वाचता येते. दुसरा वाचायला गेला की टाइपएरर. जेसन वाचण्याची पायरी जोडून मिळणारं प्रॉमिस ठेवा.

आता प्रॉमिस रिजेक्ट झालं, म्हणजे फसलं, तर? काढलं नाही तर ते मॅपमध्येच बसतं आणि पान रीलोड होईपर्यंत प्रत्येकाला जुनाच एरर मिळतो. तेव्हा रिजेक्ट होताच नोंद काढा, पण तिथे अजून तेच प्रॉमिस आहे ना हे बघून. नाहीतर मधल्या काळात सुरू झालेली नवी रिक्वेस्ट पुसाल. शिवाय ४०४ किंवा ५०० आल्यावर फेच रिजेक्ट होत नाही. रिस्पॉन्सचं ओके तपासून एरर आपणच फेकायचा. आणि एका कंपोनंटचा अबॉर्ट सिग्नल (रिक्वेस्ट रद्द करण्याचा इशारा) सामायिक फेचला जोडलात, तर त्याच्यामुळे बाकी चौघेही उपाशी राहतील.

‘यूआरएलच्या नावाने.’ उत्तर लॉगिनवर किंवा भाषेवर अवलंबून असेल तर तेही नावात हवं. लॉगआउटला मॅप रिकामा करा.

‘पुढच्या वेळी तिथूनच.’ पण किती वेळ? प्रत्येक नोंदीला मुदत हवी, एकूण नोंदींना मर्यादा हवी. मॅप नोंदी घातल्याच्या क्रमाने ठेवतो, त्यामुळे वाचताना नोंद काढून पुन्हा घातली की सर्वांत जास्त काळ न वापरलेली आपोआप पुढे येते. जागा करताना पहिली काढायची. सगळ्यांच्या हाती एकच ऑब्जेक्ट असतो हेही विसरू नका: एकाने ॲरे जागेवरच सॉर्ट केला की सगळीकडचा क्रम बदलला.

‘प्रॉमिस डॉट ऑलने एकत्र मागा.’ साफ चूक. ते फक्त एकत्र वाट बघतं. ३० आयडींना ३० रिक्वेस्ट जातातच. एकत्र करायचं तर आयडी एका यादीत जमवा, पहिला आयडी येताच क्यूमायक्रोटास्कने (चालू कोड संपताच काम चालवणाऱ्या फंक्शनने) एकदाच काम लावा आणि सगळे आयडी एकाच रिक्वेस्टमध्ये पाठवा. अर्थात सर्व्हरवर तशी सोय हवी. उत्तरं क्रमाने नव्हे, आयडीने जुळवा. जो आयडी उत्तरात नाही त्याचं प्रॉमिस रिजेक्ट करा, नाहीतर ते कायमचं लटकतं.