चिखलात बुडालेली पाटी

टँकरच्या अपघातांवरच्या एका लेखात म्हटलंय की टँकर उलटला की लोक सांडलेला माल भरायला डबे घेऊन धावतात. खरंय, पण टँकरवर काय लिहिलंय ते कळलं तर माणूस थांबेल ना! मी अकरा वर्षं एका रसायन कारखान्याच्या गेटवर गाड्या तपासतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे: धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर माहितीची पाटी दोन्ही बाजूंना आणि मागे, मालाचं नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, धोक्याचं चौकोनी चिन्ह किमान २५० मिलिमीटरचं, शिवाय आपत्कालीन फोन नंबर. पावसाळ्यात मागची पाटी चिखलाने पार बुजलेली असते. मी ओल्या फडक्याने पुसतो तेव्हा कुठे १२०३ दिसतं, हा मालाचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, म्हणजे पेट्रोल. शेजारी ३वायई (3YE), म्हणजे अपघातात काय करायचं त्याचा संकेत. ३ म्हणजे फोम मारा, ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. अग्निशमनवाल्याला दुरूनच एवढं कळतं, म्हणून ती पाटी.

एकदा सल्फ्युरिक ॲसिडच्या गाडीवर आधीच्या मालाचं स्टिकर तसंच होतं. मी गाडी सोडली नाही, दोन तास भांडण झालं. चुकीची पाटी कोऱ्या पाटीपेक्षा घातक, हे मालकांना कसं समजवायचं? आणि रिकाम्या टँकरची पाटी झाकू नका हो, आतून धुऊन होईपर्यंत त्यात आधीच्या मालाची वाफ असते.

आणखी एक, फोन नंबर चालू आहे का ते बघा. मी गेटवरूनच लावून बघतो, कितीदा तरी बंद लागतो.