खिडकीची मोटर आणि एअर फिल्टर

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीची डावीकडची काच अर्ध्यात अडकली. वरही जाईना, खालीही येईना. बाहेर धो धो पाऊस, आणि मी चाकणहून घरी येतोय, शेजारच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरून. गाडी वॉरंटीत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोरानं बॉनेट उघडलं (काचेसाठी बॉनेट कशाला, हे मला अजून कळलेलं नाही), आत बघितलं आणि म्हणाला, "सर, एअर फिल्टर बाहेरचा आहे. वॉरंटी उडते."

मी म्हटलं, "काचेची?"

"पूर्ण गाडीची, सर."

फिल्टर कापडी, धुऊन परत वापरता येतो, कंपनीच्याच डब्यात बसतो. त्यानं पॉवर वाढते असं आता मला स्वतःलाही वाटत नाही. गाडी घसा खाकरल्यासारखा आवाज करते, तेवढंच. पण काचेची मोटर दाराच्या आत असते आणि फिल्टर इंजिनाच्या तोंडाशी. मी शांतपणे एकच मागणी केली: "एअर फिल्टरमुळे काचेची मोटर गेली, असं जॉब कार्डवर लिहा आणि सही-शिक्का मारून द्या." मग मॅनेजर आले, चहा आला, वरच्या ऑफिसला फोन झाला. कायमची उडालेली वॉरंटी चहा थंड व्हायच्या आत परत आली. मोटर फुकट बदलून मिळाली.

सर्व्हिस सेंटरची चेष्टा करायला हे लिहीत नाहीये. काउंटरच्या पलीकडची बाजूही मला माहीत आहे. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. वॉरंटीत बदललेले पार्ट गाडीच्या कंपनीकडून आमच्याकडे परत येतात आणि त्यांचं पोस्टमॉर्टेम आम्ही करतो. दोष आमचा निघाला तर पैसे आमच्याकडून वसूल होतात. क्लच प्लेट निळी पडलेली, घर्षणाचा थर करपून गेलेला, असा पार्ट टेबलावर आला की गाडी कशी चालवली गेली ते वेगळं विचारावं लागत नाही. लोखंड खोटं बोलत नाही. मालक बोलतो.

आता रिमॅपबद्दल, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याबद्दल. टर्बो गाड्या आल्यापासून हे फार सोपं झालंय. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये टर्बोनं किती हवा कोंबायची, किती पेट्रोल फवारायचं, ठिणगी कधी पाडायची याचे तक्ते असतात. लॅपटॉप जोडून हे तक्ते बदलले की तासाभरात गाडी बदलते. मी अशा गाडीत बसलोय. कात्रजच्या चढाला ती जी सुटते ना, मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण कंपनीनं इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांत जी राखीव ताकद सोडलेली असते, तीच आपण रोजच्या खर्चाला काढत असतो. फोक्सवॅगन गटाचा डीक्यू२०० हा कोरड्या क्लचचा सात गिअरचा बॉक्स घ्या. त्याची टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलायची क्षमता २५० न्यूटन मीटर. आपल्याकडच्या त्यांच्याच १.५ टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिनाचा कंपनीचा टॉर्कच २५०. म्हणजे शोरूममधून निघतानाच भांडं काठोकाठ भरलेलं. आणि स्टेज वन, म्हणजे रिमॅपची पहिली पायरी, विकणारे ३०० च्या पुढचे आकडे सांगतात.

माझ्या एका जुन्या मित्रानं (गाडी कुठली ते सांगत नाही) रिमॅप केला. आठ महिन्यांनी त्याच्या ऑटोमॅटिकचा क्लच घसरायला लागला. त्यानं रिमॅप करून देणाऱ्या ट्यूनरकडे जाऊन कंपनीची मूळ फाइल परत टाकून घेतली आणि साळसूदपणे वॉरंटी क्लेम लावला. तिथे मशीननं पकडलं. गाडीतले अनेक कॉम्प्युटर आपण किती वेळा फ्लॅश झालो, म्हणजे आपल्यात सॉफ्टवेअर किती वेळा नव्यानं भरलं गेलं, याची नोंद ठेवतात. शिवाय आतल्या सॉफ्टवेअरचा एक पडताळणी क्रमांक असतो; रिमॅप आत असताना गाडी एखाद्या सर्व्हिसला गेली आणि तो वाचला गेला, तर मूळ क्रमांकाशी जुळत नाही. मित्राच्या बाबतीत तेच झालं होतं. अमेरिकेत ऑडी-फोक्सवॅगनवाले अशा गाडीवर डीलरच्या यंत्रणेत 'टीडी१' असा शेराच मारतात, मग गाडी कुठल्याही डीलरकडे न्या, तो दिसतोच.

क्लेम रिजेक्ट. मित्र माझ्याकडे आला, ग्राहक आयोगाची तक्रार लिहून दे म्हणाला. माझं काचेचं प्रकरण त्याला माहीत होतं ना! मी नाही म्हटलं. गेले पाच महिने आमचं बोलणं बंद आहे.

त्याचं म्हणणं होतं, तुझा तो न्याय आणि मला हा? हो, न्याय एकच आहे. बिघाड आणि बदल यांचा संबंध दाखवा. माझ्या फिल्टरचा काचेशी संबंध नव्हता. त्याच्या जास्तीच्या टॉर्कचा क्लचशी थेट होता. उद्या त्याच गाडीचा एसी कॉम्प्रेसर बंद पडला आणि 'रिमॅप आहे' म्हणून नाकारला, तर ती तक्रार मी रात्र जागून लिहून देईन.

त्यानं मला मॅग्नसन-मॉस कायदाही ऐकवला. पुण्यात बसून १९७५ चा अमेरिकन कायदा! हल्ली आपल्याकडच्या कार ग्रुपवर हा कायदा आरतीसारखा म्हटला जातो. तो इथे लागू नाही, आणि तिथेही तो एवढंच सांगतो की बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी मोडता येत नाही. त्या पार्टमुळेच नुकसान झालं असेल, तर तेवढा क्लेम तिथेही नाकारतात. याच कायद्याखाली २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली, कारण दुसऱ्याचे पार्ट लावले तर वॉरंटी जाईल असं कंपनीच्या अटींत होतं.

आपल्याकडचं बोलायचं तर २५ ऑगस्ट २०१४ चा भारतीय स्पर्धा आयोगाचा आदेश वाचा. १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड झाला होता. त्यात आयोगानं म्हटलं होतं की बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच रद्द करता येईल. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि तो आदेश दुरुस्तीबद्दल आहे, रिमॅपबद्दल नाही. पण त्यातलं 'तेवढ्यापुरतीच' हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि हो, कायदेशीर असणं आणि वॉरंटीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या आपल्याकडे किती आहेत बघा. मान्यताप्राप्त किट, आरटीओची नोंद, सगळं रीतसर. तरी इंजिनाच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. उलट रिमॅपवाला समजतो की दिसत नाही म्हणजे चालतंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करायचा नाही, आणि नव्या आरसी कार्डावर अश्वशक्तीचाही रकाना असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आपले पोलीस मात्र अजून सायलेन्सरवरच रोड रोलर फिरवण्यात दंग आहेत.

माझा खरा राग पुस्तिकेतल्या मोघम भाषेवर आहे. 'वाहनात फेरफार केल्यास वॉरंटी लागू राहणार नाही.' कुठला फेरफार? सीट कव्हर? हॉर्न? वायर कापून बसवलेले एलईडी? (वायर कापली असेल तर विजेच्या कामाचा क्लेम विसरा, तिथे मी कंपनीच्या बाजूनं आहे.) कुठल्या बदलानं कुठल्या भागाची वॉरंटी जाते, हे लिहायला दोन पानं पुरतील. अमेरिकेत फोर्ड स्वतःच काही गाड्यांसाठी पॉवर वाढवणारं ट्यूनिंग विकते आणि त्यावर वॉरंटीही देते. म्हणजे हिशेब करता येतो.

कुणाचा क्लेम असा सरसकट नाकारला असेल, तर आधी कारण लेखी मागा. तोंडी 'नाही'वर घरी येऊ नका. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. तिथेही नाही जमलं तर जिल्हा आयोग आहे. ५ ते १० लाखांच्या गाडीला फी २०० रुपये, १० ते २० लाखांच्या गाडीला ४००. तो कापडी फिल्टर याहून कितीतरी महाग पडला होता मला.

ज्यांच्याकडे 'मॉडिफिकेशन' हे कारण लिहिलेलं जॉब कार्ड असेल, त्यांनी खाली फोटो टाका. गाडीचा नंबर आणि नाव झाकून. मोडलेला पार्ट आणि लावलेला पार्ट, दोन्हींची नावं लिहा. आणि रिमॅप केला असेल तर तेही लिहा, लपवू नका.