मित्राच्या आईचे आभार मानायची सोपी पद्धत

मित्राच्या लग्नाला मे अखेरीस ग्वाल्हेरला येताय? या या. नवतपा (सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू, पारा ४५ च्या पुढे, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. हॉटेल कशाला, लष्कर भागात दुसऱ्या मित्राचं घर आहे ना, तिथेच उतरा. आणि निघताना आभार कसे मानायचे ते आमच्याकडे नुकत्याच राहून गेलेल्या पाहुण्यांकडून शिका, मी नुसतं लिहून घेतलंय.

पन्हं समोर आलं की आधी फोटो, मग घोट, मग "काकू, गूळ जास्त झाला का?"

कूलरमध्ये पाणी कोण भरतं ते विचारू नका. आपोआप भरतं.

सकाळी महाराज बाड्याच्या बाजारातून आणलेली बेडई (डाळ भरलेली पुरी) गार झाल्यावर उठा.

भर दुपारी किल्ल्यावर जा. काकू नको म्हणाल्या तरी जाच, कारण मानमंदिर महालाच्या निळ्या टाइल्सवर तेव्हाच "लाइट भारी" असतो म्हणे. संध्याकाळी लू लागून ताप चढला की पलंगावर कण्हत पडा, मग गुडघे दुखणारी एक बाई कांदा किसून तुमच्या तळपायांना चोळेल, कैरी भाजून तिचा गर अंगाला लावेल, लाइट गेली की रात्री पेपरने वारा घालत बसेल, आणि सकाळी नळाचा दिवस नसताना (तिघरा धरणाचं पाणी, इथल्यांना काय सांगायचं) स्वतःच्या आंघोळीची बादली तुम्हाला देईल. तुम्ही बरे व्हा, गाडीत बसा आणि लांबलचक पोस्ट टाका. त्यात हॉलच्या एसीचे आभार, सनस्क्रीनचे आभार, गाडीत जास्तीचं ब्लँकेट देणाऱ्या भाऊचेही आभार. आणि आईला? हात जोडलेलं स्टिकर, मित्रांच्या ग्रुपवर. ती त्या ग्रुपमध्ये नाहीये रे!

तिला आभार नकोयत हे मलाही कळतं. उलट ती रोज विचारते, त्याला परत ताप नाही ना आला, आणि मी दर वेळी थाप मारतो की तुला नमस्कार सांगितलाय. मी का मारू थापा? लाज वाटत नाही का जरा? गिफ्ट नको, साडी तर मुळीच नको, तिची कपाटं भरलीयेत. "काकू, पोचलो, आता बरा आहे" एवढं तोंडाने बोल. नंबर आहे तुझ्याकडे. किल्ल्यावरून "गीझर लावून ठेवता का" विचारायला बरोब्बर लावला होतास, ४५ डिग्रीत.