वाक्य संपू दे की रे

आमच्या लॅबमध्ये एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही, कारण तो माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. वाचलं तर वाचू दे. वय २६, डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झालेला, आणि हात इतका हलका की रडणाऱ्या पोराला सुई टोचल्याचं कळायच्या आत ट्यूब भरलेली असते. मला २१ वर्षांत जमलं नाही ते त्याला पहिल्या महिन्यात जमलं, हे आधीच कबूल करते. पण समोरच्याचं वाक्य तो संपू देत नाही. मी चार शब्द बोलले की, "हो हो ताई, कळलं," आणि मग त्याला वाटतं तेच करतो.

मी डोंबिवलीहून सहाच्या आतली लोकल पकडून दादरला येते. सातला शटर वर जातं तेव्हा बाहेर उपाशीपोटी आलेली रांग उभीच असते. उपाशी माणूस किती चिडका होतो ते या धंद्यात कळतं. अशा वेळी कुणाला बसवून शिकवायला फुरसत नसते. एका हातात सुई, दुसऱ्याने कापूस दाबलेला, आणि मान वळवून सूचना द्यायची.

आता मुद्द्यावर येते. आपल्या मराठीत 'नाही' शेवटी येतं. क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. म्हणजे मध्येच तोडणारा माणूस नुसतं अर्धं ऐकत नाही, तो उलटं ऐकून जातो. मी म्हणते, "जांभळी ट्यूब जोरात हलवायची..." तो म्हणतो, "हो ताई!" आणि माझं 'नाही' तोंडातच राहतं. तिकडे हा कोकमचं सरबत ढवळल्यासारखी ट्यूब हलवतोय! खरं तर ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची असते. जोरात हलवली तर रक्तपेशी फुटतात.

हे चाललं असतं. पण गेल्या पावसाळ्यात एक आजोबा आले. ऐंशीच्या घरातले, शर्टाची बाही स्वतःच नीट तीन घड्या घालून वर केलेली. शिरा सापडेनात म्हणून याने सिरिंजने रक्त काढलं. जांभळी ट्यूब भरली, पिवळीला कमी पडलं, तर पठ्ठ्याने जांभळीतलं थोडं पिवळीत ओतलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, त्यात काय, त्याच माणसाचं रक्त ना? पण जांभळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमचा क्षार. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि स्वतःचं पोटॅशियम वर मिसळतं. रिपोर्ट आला, पोटॅशियम आठच्या वर, कॅल्शियम पाचच्या आत. पोटॅशियम साधारण साडेतीन ते पाच असायला हवं. आठ म्हणजे हृदय कधीही दगा देईल असा आकडा.

सरांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "हे आजोबा घरी चालत गेले ना? मग हा रिपोर्ट त्यांचा नाही."

आजोबांना फोन करून परत बोलावलं. भर पावसात, छत्री घेऊन, सुनेचा हात धरून जिना चढून आले. दोन्ही हात आधीच काळेनिळे. दुसऱ्यांदा मी काढलं, तेही हाताच्या पंजावरून. पोटॅशियम ४.४. ते एका शब्दानेही रागावले नाहीत, उलट मलाच म्हणाले, "होतं हो असं." त्याचंच मला जास्त लागलं.

ओतायचं नाही, हे मी त्याला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. कधी ते आठवतंय, कुठल्या टेबलापाशी तेही आठवतंय. आणि 'ओतायचं'च्या पुढे मला बोलू दिलं नव्हतं हेही आठवतंय.

तक्रार केली, तर वरून उत्तर आलं, "तुम्ही सिनियर आहात, सांभाळून घ्या. स्वभाव आहे त्याचा." ट्रेनमधल्या मैत्रिणींचंही तेच. मला हे 'स्वभाव' प्रकरण अजिबात पटत नाही. सर बोलतात तेव्हा हाच मुलगा हाताची घडी, तोंडावर बोट. मशिन दुरुस्त करायला कंपनीचा इंजिनियर येतो, त्याचं अर्धा अर्धा तास निमूट ऐकतो. तोडतो ते माझं, रिसेप्शनवरच्या मुलीचं आणि सफाईवाल्या मावशींचं. माणूस बघून बदलतो त्याला स्वभाव कसं म्हणायचं?

भिंतीवर सूचनांचा कागद लावून बघितला. आठवडाभरात त्यावर कॅलेंडर आलं.

उपाय सापडला तो आमच्या इमारतीत. वरच्या मजल्यावरचे काका मध्य रेल्वेत गार्ड होते. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण काकांना ते रुचत नाही.) मी जिन्यात उभी राहून रडगाणं गात होते, तर म्हणाले, "मी दोन बेल द्यायचो. मोटरमन परत दोन बेल द्यायचा. तेव्हा गाडी हलायची. मी दिली म्हणून नाही, त्याने परत दिली म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून मी दोन गोष्टी बदलल्या. 'नाही' पुढे आणलं. "नाही ओतायचं, जांभळीतलं पिवळीत." बोलायला विचित्र वाटतं, पण तोडायचं तर तोड बाबा, नकार तरी पोचला. आणि "कळलं का?" विचारणं बंद केलं, कारण त्याला 'हो' शिवाय उत्तरच नसतं. त्याऐवजी, "काय करणार आहेस ते सांग." पहिल्याच दिवशी मी निळ्या ट्यूबबद्दल सांगितलं. ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, आतल्या द्रवाच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग हे प्रमाण चुकलं की रक्त गोठायची वेळ खोटी वाढलेली दिसते आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा डोस बदलला जाऊ शकतो. याने परत सांगितलं ते भलतंच. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "ताई, तुम्ही सुरुवात फार लांबून करता हो. तोवर मला वाटतं झालं तुमचं."

राग आला. घरी जाताना घाटकोपरपर्यंत आला. मग वाटलं, पोरगा अगदीच खोटं बोलत नाहीये. मी खरंच वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या पेशंटपासून सुरू करते.

आता बरं चाललंय. पूर्ण नाही. गेल्या शुक्रवारी सकाळी नवी शिकाऊ मुलगी त्याला काहीतरी सांगत होती. "दादा, तो फ्रीज..." "हो हो, कळलं, बघतो नंतर." मुलगी गप्प बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी सुई हातात धरूनच म्हणाले, "तिचं होऊ दे." थांबला. कान लाल झाले त्याचे, पण थांबला.

ती म्हणाली, "फ्रीजचं दार रात्रभर उघडं राहिलंय."

आत सगळे रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं होती. मग आम्ही तिघंही पळालो.