‘रोस’ म्हणजे काय, ते आधीच सांगायला हवं होतं

नमस्कार ताई,

पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीतल्या आमच्या फूड वॉकला तुम्ही दोन स्टार दिलेत. तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं, त्याला मी तेवढेही दिले नसते.

आईंना अंडं चालतं, चिकन-मटण नाही, हे तुम्ही बुकिंग करतानाच कळवलं होतं. मेसेज परत उघडून पाहिला, अगदी स्पष्ट लिहिलंय. तरी शेवटी गाड्यावर त्यांच्या हातात रोस ऑमलेटची बशी गेली. त्यांनी विचारलं तर आमचा गाइड पोरगा म्हणाला, “रोस म्हणजे रस्सा.” कसला रस्सा, ते मात्र बोलला नाही. चिकन शाकुतीचा, म्हणजे खोबऱ्याच्या मसाल्यातल्या चिकनचा! इथं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून सांगायचं सुचत नाही. पुण्याहून आलेल्या बाईंना कसं कळावं? पावाचा तुकडा बुडवताना बशीत हाड लागलं, हे वाचून मलाच कसंतरी झालं. चौघांचेही पैसे परत पाठवलेत, पण पोटात गेलेलं परत येत नाही. आईंची फोनवर माफी मागितली, इथं चारचौघांतही मागतो. आता कोण काय खात नाही त्याचा कागद गाइडच्या खिशात असतो, आणि गाड्यावर पोचण्याआधी तो मोठ्यानं वाचायचा.

“मुंबईची पावभाजी खायला गोव्यात यायचं का?” असंही तुम्ही लिहिलंत. ताई, ती पावभाजी नव्हे, भाजी-पाव. तव्यावर बटाटे चेचून बटर ओतण्याचा प्रकारच नाही. वाटाण्याची पातळ भाजी ओल्या खोबऱ्याच्या वाटणातली, बटाट्याची सुकी वेगळी, आणि दोन्ही हव्या तर ‘मिक्स’ म्हणायचं. पणजीकराची सकाळ तिच्यावर निघते, कित्येकांची संध्याकाळही. भट्टीवर तुम्ही फोडलीत ती पोई, म्हणजे गोव्याचा पाव, कोंडा लावलेली, आतून पोकळ. पूर्वी तिचं पीठ माडाच्या सुरेनं फुगवायचे, आता यीस्ट घालतात. मासे मात्र वॉकमध्ये नाहीत, हे खरं. चालता चालता काट्यांचा मासा कसा खाणार? आमच्या जाहिरातीतही ते नाही.

सांत सेबास्तियांवचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, बंद होतं, त्याला माझा इलाज नाही. आतला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचं बंद झालं, तेव्हा तो तिथून हलला. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, ते बघायचे राहिले याची हळहळ मलाही आहे.

फोटोंबद्दल मात्र माफी मागणार नाही. तुम्हाला ज्या पिवळ्या घराच्या सोप्यावर बसून रील करायची होती, तिथं एक आजी राहतात. संध्याकाळी आत त्यांचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू असतो आणि बाहेर कोणी ना कोणी केस सारखे करत उभं. त्या गल्ल्यांत काही घरांनी ‘फोटो काढू नका’ अशा पाट्याच लावल्यात. लोक आम्हाला दारावरून जाऊ देतात तेच पुष्कळ. पोरगा तुमच्याशी जरा तुटक बोलला असेल, तर ते मी त्याला समजावीन. अडवलं ते बरोबरच केलं.

श्रावणात येणं झालं तर आईंना आमच्या घरी घेऊन या. हळदीच्या पानातल्या पातोळ्या करू. आत तांदूळ, गूळ, नारळ, वेलची, बाकी काही नाही. आई स्वतः स्वयंपाकघरात बसून बघू शकतात.