‘सायकलवर गप्प राहा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळीपासून कोल्हापुरातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ग्रुपने जाताना ‘खड्डा, खड्डा’ ओरडणं आणि हातवारे करणं हे नवशिक्यांचं लक्षण. हँडलवरचा हात काढला की तोल जातो. ज्याने त्याने आपापल्या पुढचा रस्ता बघावा. आणि किरकोळ पडलात तर अंग झटका, सायकल उचला, निघा. मला तो चार जणांकडून आला. येत्या रविवारी पहिल्यांदाच पन्हाळ्याला निघालेली पोरंही तो वाचतायत, म्हणून हे लिहितेय.

‘आपापल्या पुढचा रस्ता बघा’ हे आधी घेते. ग्रुपमध्ये आपल्यापुढे रस्ता नसतोच, पुढच्याची पाठ असते. वाऱ्याला आडोसा मिळावा म्हणून आपण त्याच्या चाकामागे हात-दीड हातावर लागतो. ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 7 मीटर. पुढच्याच्या चाकाखालून खड्डा बाहेर आला, की तो दिसेपर्यंत आपण त्यात असतो. त्याची खबर फक्त सगळ्यात पुढच्याला असते.

गेल्या उसाच्या हंगामात फुलेवाडी सोडून बालिंग्याकडे आम्ही सहा जण चाललो होतो. नीट उजाडलंही नव्हतं. ट्रॉलीतून पडलेलं उसाचं कांडं रस्त्यात आडवं होतं. पुढच्या दादाने ते बघितलं आणि एक शब्द न बोलता चुकवलं. त्याच्या मागचे काका ऐनवेळी उजवीकडे सरकले. माझं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकाच्या बाजूला वीतभर आत गेलेलं होतं. फर्र असा रबराचा आवाज झाला, आणि मी उजव्या कुशीवर. माझ्यावर चौथा. काका मात्र पडले नाहीत. सायकलचा तोल हँडल बारीक बारीक वळवत राहण्यावर असतो. पुढचं चाक अडलं की सावरायला काही उरत नाही, म्हणून चाकाला चाक घासलं की बहुतेक वेळा मागचाच पडतो. काकांना वाटलं, चाकाखाली खडा आला असेल. तेवढ्यात समोरून गाणी लावून ट्रॅक्टर आला, त्यात आमच्या हाका बुडाल्या. पुढचे दोघं दोन किलोमीटर पुढे जाऊन, टपरीवर सहा चहा सांगून आमची वाट बघत बसले होते.

यात अर्धी चूक माझी. चाकाच्या बाजूला चाक घालायचं नसतं, नेमकं मागे तरी राहायचं नाहीतर पुरतं बाजूला. पण ‘खालती ऊस’ एवढे दोन शब्द मागे आले असते तर माझी चूक पचली असती.

हाताचं म्हणणं निम्मं खरं आहे. ब्रेक दाबताना, उतारावर, खड्ड्याच्या तोंडाशी दोन्ही हात हँडलवरच हवेत, तिथे फक्त तोंडाने सांगायचं. हाताची खूण त्याच्या आधी, पंधरा-वीस मीटरवर, रस्ता सरळ असताना करायची. एका हाताने सायकल सरळ जात नसेल तर आधी मोकळ्या मैदानात सराव करावा. तोवर त्याने सगळ्यात पुढे राहू नये, इतकंच.

ओरडण्याबद्दल मेसेज लिहिणाऱ्याचा वैताग मला समजतो. ‘ए ए ए’ आणि ‘सांभाळून’ या दोन्हीचा काडीचा उपयोग नाही, कारण काय आहे आणि कुठे आहे ते त्यात नाही. नुसतं ‘गाडी’ म्हटलं तर माणूस मागे वळून बघतो आणि गाडी समोरून येत असते. ‘मागून गाडी’, ‘डावीकडे खड्डा’, ‘थांबतोय’ असं म्हणायचं, तेही ब्रेक दाबायच्या आधी. आपल्याकडे आणखी एक हवंच: ‘दोन ट्रॉल्या’. उसाच्या ट्रॅक्टरला मागे दुसरी ट्रॉली असते आणि पहिली गेली की माणूस निर्धास्त होऊन रस्त्यात येतो. आणि चौकात ‘क्लिअर’ ओरडणं मात्र खरोखर बंद करा. पहिल्यासाठी मोकळा असलेला चौक पाचवा पोचेपर्यंत मोकळा राहत नाही. गाडी येत असेल तर ती सांगा, येत नसेल तर काहीच बोलू नका, मागचा स्वतः बघेल. पुढच्याचा आवाज पुढेच जातो, वाऱ्यात मागे येत नाही. म्हणून मधल्यांनी शब्द जसाच्या तसा मागे द्यायचा, आणि मागे कोणी पडलं तर तसाच पुढे. कानात इअरफोन असेल तर ही शब्दांची साखळी तिथेच तुटते.

‘अंग झटका आणि निघा’ हे या मेसेजमधलं सगळ्यात वाईट वाक्य आहे. मी तेच केलं होतं. कोपर सोललं होतं, बाटलीतल्या पाण्याने धुतलं, निघाले. पुढच्या चढाला हलका गिअर टाकला तर मागून स्पोकची टकटक ऐकू आली. उजव्या कुशीवर पडलं की मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर सायकलला जोडणारी छोटी पट्टी, आत वाकू शकतो. सपाटीला काही कळत नाही. चढाला साखळी सगळ्यात मोठ्या चकतीवर गेली की गिअर स्पोकमध्ये शिरतो आणि चाक जागीच जाम होतं. मी वेळेत थांबले. पडल्यावर मागचं चाक उचलून गिअर फिरवून बघायला दोन मिनिटं लागतात. हँडल वाकडं झालंय का, ब्रेक चाकाला घासतो का, तेही तेव्हाच बघायचं. हेल्मेट आपटलं असेल तर बदलायचं, आतला फोम एकदाच दबतो. डोकं आपटून उलटी, गरगरणं किंवा तेच तेच बोलणं सुरू झालं तर सायकल तिथेच ठेवायची आणि 108 ला फोन करायचा. मातीतली जखम साबणाने धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवायचं.

माझ्यावर पडलेल्या चौथ्याने हात टेकला होता. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या खळग्यात दाबलं की दुखायचं. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. तिथलं बारीक हाड मोडलं तर पुष्कळदा आठ-दहा दिवसांनीच दिसतं, तसंच झालं. दुसऱ्या एक्स-रेत चीर निघाली आणि दोन महिने प्लास्टर. त्या सकाळी टपरीवर त्याने डाव्या हाताने चहा उचलला होता. मी विचारलं, तर ‘मुका मार आहे, ताई’ म्हणाला, आणि आम्ही सगळे पुढे निघालो.